ट्रॅक्शन अव्हाँ की डीएस? सिट्रोएनच्या दोन जुन्या गाड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या युरोपीय गाड्यांच्या गप्पांत सिट्रोएन या फ्रेंच कंपनीचं नाव निघालं की हमखास दोन तट पडतात. एक १९३४च्या ट्रॅक्शन अव्हाँचा (नावाचा अर्थच ‘पुढच्या चाकांची ओढ’), दुसरा १९५५च्या डीएसचा. दोन्हीकडची मंडळी सारखीच हट्टी. गाडी घ्यायचा विचार करणारे, नुसते चाहते आणि फक्त वाद घालायला आलेले असे सगळे जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते झाकलेलं नाही.

दोघींमध्ये एकवीस वर्षांचं अंतर आहे. मग तुलना करायचीच कशाला?

कारण दोन्हींमागची माणसं तीच आहेत. ट्रॅक्शनमागे तांत्रिक डोकं होतं आंद्रे लफेव्र यांचं आणि तिचा आकार फ्लामिनियो बेर्तोनी या इटालियन शिल्पकाराचा. डीएसच्या वेळीही हीच जोडी होती. हायड्रॉलिक्ससाठी पॉल माजेस यांची त्यात भर पडली. पॅरिसमधला के द जावेलचा कारखानाही तोच. शिवाय ट्रॅक्शनचं उत्पादन जुलै १९५७ पर्यंत चालू होतं, म्हणजे दीड-पावणेदोन वर्षं या दोन्ही गाड्या एकाच वेळी विकल्या जात होत्या. लांब बॉनेटची, बाहेर डोळे काढलेल्या दिव्यांची युद्धपूर्व गाडी आणि शेजारी ती माशासारखी निमुळती डीएस. त्या काळातले फ्रेंच रस्त्यांचे फोटो पाहिले की एकाच कंपनीच्या यादीत या दोघी कशा, असा प्रश्न पडतोच.

ट्रॅक्शनमध्ये नवं काय होतं? पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्या तर आधीही होत्या.

होत्या. अमेरिकेत कॉर्ड, जर्मनीत डीकेडब्ल्यू आणि आडलर. वेगळी चासी नसलेली गाडी लान्चियाने १९२२ मध्येच लाम्ब्डाच्या रूपात दाखवली होती. हायड्रॉलिक ब्रेकही नवे नव्हते. पण हे सगळं एकत्र करून, पत्र्याचे मोठे भाग प्रेसमध्ये दाबून आणि वेल्डिंग करून, हजारोंनी विकायची गाडी आधी कोणी बनवली नव्हती. सिट्रोएनने ती १८ एप्रिल १९३४ रोजी लोकांपुढे आणली.

चासी नाही, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट नाही, त्यामुळे गाडीची फरशी खाली गेली आणि फूटबोर्डची गरज उरली नाही. तुम्ही गाडीत चढत नाही, सरळ आत जाऊन बसता. पाट्यांच्या स्प्रिंगांऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारे दांडे, आणि पुढची चाकं एकमेकांपासून स्वतंत्र. इंजिनाच्या पुढे गिअरबॉक्स, आणि गिअरचा दांडा डॅशबोर्डमधून बाहेर आलेला. पुढच्या सीटखालची जागा साफ सपाट. आज तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या जवळपास प्रत्येक छोट्या गाडीची मांडणी याच जातीची आहे, फक्त इंजिन आडवं झालं.

या गाडीपायी कंपनी बुडाली, हे खरं का?

अर्धं खरं. आंद्रे सिट्रोएन यांना थांबणं माहीत नव्हतं. १९२५ पासून आयफेल टॉवरवर कंपनीचं नाव दिव्यांनी झळकत होतं. १९३३ मध्ये जावेलचा कारखाना पाडून नव्याने उभारला, तोही जगभर मंदी असताना. त्याच सुमारास ही पूर्ण नवी गाडी जेमतेम दीड वर्षात तयार करायला घेतली. पैसा संपला. डिसेंबर १९३४ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं आणि सगळ्यात मोठा धनको असलेल्या मिशेलिन या टायर कंपनीने ती ताब्यात घेतली. जुलै १९३५ मध्ये आंद्रे सिट्रोएन वारले. आपली गाडी पुढे किती चालली ते त्यांना पाहायला मिळालं नाही.

घाईची खूण गाडीतही उरली. मुळात तिला सँसो द लाव्हो या संशोधकाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचा होता. तो भरवशाचा ठरला नाही म्हणून अगदी शेवटच्या घडीला तीन गिअरचा साधा डबा, तेवढ्याच जागेत मावेल असा, आखून बसवला. ट्रॅक्शनचा गिअरबॉक्स आजही तिची नाजूक बाजू मानला जातो, त्याचं मूळ इथे आहे. सुरुवातीच्या गाड्यांत पुढचे ड्राइव्ह शाफ्टही तुटायचे. मिशेलिनच्या माणसांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत एकेक दोष काढला, तेव्हा कुठे ती ‘टिकाऊ ट्रॅक्शन’ झाली.

ट्रॅक्शनचे प्रकार किती? ७, ११, १५ हे आकडे कसले?

ते फ्रान्समधल्या करासाठीच्या अश्वशक्तीचे आकडे आहेत, खऱ्या ताकदीचे नव्हेत. पहिली ७ए १३०३ सीसीची. सगळ्यात जास्त दिसते ती ११, १९११ सीसीची. तिच्यात आखूड ‘लेजेर’ आणि रुंद ‘नॉर्माल’ असे दोन मुख्य अवतार. तीन रांगांची ‘फामिलियाल’ नऊ माणसं नेते. १९३८ मध्ये सहा सिलिंडरची, २८६७ सीसीची १५-सिक्स आली, ती साहेबलोकांची. आठ सिलिंडरची २२ पॅरिसच्या प्रदर्शनात दिसली, पण विक्रीला आलीच नाही. आज तिची एकही अस्सल गाडी शिल्लक नाही, तेव्हा कोणी विकायला काढली तर सावध व्हा.

डीएस आली तेव्हा एवढा गहजब का झाला?

५ ऑक्टोबर १९५५. पॅरिसचं मोटार प्रदर्शन. युद्ध संपून दहा वर्षं झालेली, रस्त्यावर बहुतेक गाड्या युद्धाआधीच्या आराखड्यांवरच्या, आणि समोर ही. रेडिएटरची जाळी नाही, मागची चाकं मडगार्डखाली झाकलेली, छत फायबरग्लासचं, मागचे इंडिकेटर छताच्या कोपऱ्यांत, स्टिअरिंगला एकच दांडी. पहिल्याच दिवशी सुमारे १२ हजार मागण्या नोंदल्या गेल्याचं सांगतात.

पुढची दोन वर्षं मात्र गिऱ्हाइकांना जड गेली. गुप्तता इतकी पाळलेली की डीलरांच्या मिस्त्र्यांनाही गाडी कशी उघडायची ते नीट माहीत नव्हतं. तेल गळायचं, गाडी खाली बसायची आणि उठायची नाही. डीएसची कटकटी गाडी म्हणून जी ख्याती झाली ती मुख्यतः या पहिल्या तुकड्यांची आहे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धातली डीएस वेगळीच.

ते हायड्रोन्यूमॅटिक सस्पेन्शन नेमकं चालतं कसं?

चार चाकांपाशी चार लोखंडी गोळे असतात. प्रत्येक गोळ्यात मध्ये रबरी पडदा. पडद्याच्या एका बाजूला दाबाखाली भरलेला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. चाक खड्ड्यात गेलं किंवा उचललं गेलं की तेल पडद्याला रेटतं आणि वायू दबतो. म्हणजे स्प्रिंगचं काम वायू करतो. तेल गोळ्यात जाताना एका बारीक झडपेतून जातं, म्हणून शॉक अॅब्सॉर्बर वेगळा लागत नाही. इंजिनावर पट्ट्याने फिरणारा पंप हे तेल साधारण १५० ते १७५ बार दाबावर ठेवतो. मागे पाच पोती सामान टाकलं आणि गाडी दबली, तर उंची सांभाळणारी झडप आणखी तेल सोडते आणि गाडी पुन्हा मूळ उंचीवर येते.

हेच तेल ब्रेक दाबतं, स्टिअरिंग हलकं करतं, आणि मूळ डीएसमध्ये क्लचही तेच सोडतं आणि गिअरही तेच बदलतं. माझ्या मते डीएसची खरी करामत इथे आहे. चार स्वतंत्र यंत्रणांऐवजी एकच दाब, आणि गाडीचं सगळं शरीर त्यावर.

थंड डीएस सुरू होताना एकदा जवळून पाहा. इंजिन घरघरतं, काही क्षण काहीच होत नाही, मग मागची बाजू हळूच वर येते आणि पाठोपाठ पुढची. बॉनेटखालून मधूनमधून ‘टिक्’ असा आवाज येतो, तो दाब नियंत्रकाचा. घ्यायला गेलात तर हा आवाज घड्याळ लावून मोजा. दोन टिकांमध्ये अर्धा मिनिट किंवा जास्त जात असेल तर दाब साठवून ठेवणारा वेगळा गोळा ठीक. दर दोन-चार सेकंदांनी टिकटिक होत असेल तर तो गेलेला आहे, आणि भाव करायला तुमच्या हातात मुद्दा आला.

एवढी आधुनिक गाडी, पण इंजिन ट्रॅक्शनचंच होतं म्हणतात?

बऱ्याच अंशी. डीएससाठी सपाट, सहा सिलिंडरचं इंजिन बसवायचा बेत होता. तो जमला नाही. मग ट्रॅक्शनचं १९११ सीसीचं इंजिन घेऊन त्याला अॅल्युमिनियमचं नवं सिलिंडर हेड दिलं आणि ताकद ७५ अश्वशक्तीपर्यंत नेली. बॉनेटखाली इंजिन इतकं मागे सरकलेलं दिसतं की त्याचा मागचा भाग जवळजवळ प्रवाशांच्या पायांशी येतो. १९६५ मध्ये डीएस २१ सोबत २१७५ सीसीचं बरंच सुधारलेलं इंजिन आलं, १९६९ मध्ये बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, आणि १९७२ ची डीएस २३ २३४७ सीसीची. इंजेक्शनवाली २३ ताशी १८५ किलोमीटरच्या पुढे जाते. तरी चार सिलिंडरचा तो किंचित खरखरीत सूर शेवटपर्यंत गेला नाही. गादीवर बसून ट्रॅक्टर ऐकल्यासारखं, असं डीएसवाले स्वतःच हसून म्हणतात.

उलट प्रवासही झाला, हे फार जणांना माहीत नसतं. डीएसच्या आधी दीड वर्ष, १९५४ मध्ये, हे तेल-वायूचं सस्पेन्शन ट्रॅक्शनच्या १५-सिक्स एच या प्रकारात फक्त मागच्या चाकांना बसवलं होतं. गिऱ्हाइकांनी पैसे मोजून कंपनीची चाचणी करून दिली म्हणा.

चालवताना काय फरक जाणवतो?

ट्रॅक्शनचं स्टिअरिंग उभ्या गाडीत दगड असतं. चालायला लागली की हलकं होतं आणि वळणावर गाडी रेल्वेच्या रुळावर असल्यासारखी चिकटून जाते. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे दात अलगद जुळवणारी सोय, नाही. गिअरचा दांडा घाईने ओढलात तर दात वाजणारच. क्लच पूर्ण दाबा, जरा थांबा, मग टाका. ताशी ८० ते ९० ला ती खूश असते.

डीएसमध्ये नवख्याची फजिती ब्रेकवर होते. पेडलच्या जागी जमिनीवर रबराची एक घुंडी असते, ती खाली जातच नाही म्हटलं तरी चालेल. ती किती दाबली याला महत्त्व नाही, किती जोराने दाबली याला आहे. सवयीने पाय आपटला की मागे बसलेल्यांची डोकी पुढच्या सीटला. दोन दिवसांत पायाला कळतं, आणि नंतर इतर गाड्यांचे ब्रेक लुळे वाटू लागतात. अर्ध-ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत क्लचचं पेडलच नाही. स्टिअरिंगमागचा छोटा दांडा डावीकडे ढकलला की स्टार्टर फिरतो, आणि तोच दांडा पुढे गिअर बदलतो. महामार्गावर ११०-१२० ला डीएस आजही दमत नाही.

डीएस आणि आयडी यात काय फरक?

आयडी ही स्वस्त बहीण, १९५७ पासून. सस्पेन्शन तेच, पण गिअर हाताने, क्लच पायाने आणि इंजिनाची ताकद कमी. पहिल्यांदाच घेत असाल तर आयडी किंवा नंतरची डीसुपर घ्या. गिअरची हायड्रॉलिक यंत्रणा वजा झाली की अर्धी डोकेदुखी वजा होते, आणि गालिच्यावरून चालल्यासारखी ती चाल काही कमी होत नाही.

लाल तेल आणि हिरवं तेल ही काय भानगड आहे?

ही भानगड गांभीर्याने घ्या. १९६६ च्या शरदापर्यंतच्या डीएसमध्ये लाल रंगाचं तेल होतं. ते हवेतला ओलावा ओढून घ्यायचं आणि आतून गंज चढायचा. त्यानंतर हिरवं खनिज तेल आलं आणि दोन्हींसाठीची रबरं वेगवेगळी आहेत. लाल तेलाच्या गाडीत हिरवं ओतलं की सील फुगतात, उलट केलं तरी खराबच. पंपापासून चाकापर्यंत सगळं उघडावं लागतं. टाकीचं झाकण काढून आधी रंग पाहा, मग गाडीचं साल विचारा. दोन्ही जुळत नसतील तर आधीच्या मालकाने पूर्ण रूपांतर केलं होतं का, याचा पुरावा मागा.

डीएसचा टायर जॅकशिवाय बदलता येतो?

येतो. गाडीची उंची कमी-जास्त करणारा दांडा वरच्या टोकाला न्या, गाडी पूर्ण वर येईल. बाजूला सोबतचा स्टँड लावा, दांडा खालच्या टोकाला न्या. गाडी स्टँडवर टेकते आणि त्या बाजूची चाकं स्वतःच वर उचलली जातात. मागच्या चाकासाठी मडगार्ड काढावं लागतं, ते एका बोल्टवर असतं.

दुरुस्ती कोणाची सोपी?

ट्रॅक्शनची, वादच नाही. इंजिन, गिअरबॉक्स, पुढची चाकं हा सगळा पुढचा भाग चार मोठ्या बोल्टांवर गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो. तो मोकळा करून चाकांसकट पुढे ढकलत नेता येतो. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, सहा व्होल्टची बॅटरी, जुन्या मिस्त्रीला नवीन काही नाही. पूर्ण वळवून चालवताना पुढून कट्कट् असा आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचे सांधे गेलेत. सुटे भाग युरोपात अजून नव्याने बनतात, डीएसचेही.

डीएसला पान्यापेक्षा डोकं जास्त लागतं. दाब कुठून येतो आणि कुठे जातो हे ज्याला समजलं त्याला ती अवघड नाही. पण आपल्याकडचा नेहमीचा मिस्त्री तिच्या बॉनेटखालच्या बारीक नळ्यांचं जाळं पाहून हात जोडतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

गंज कुठे शोधायचा?

ट्रॅक्शनचा पत्रा जाड, गंज बहुधा डोळ्यांना दिसतो: दारांखालचे उंबरे, फरशी, डिकीचा तळ. डीएस फसवते. तिच्यात आत एक सांगाडा असतो आणि बाहेरचे सगळे पत्रे त्याला नुसते बोल्टने लावलेले असतात. बाहेरून चकाचक आणि आतला सांगाडा पोकळ, अशा गाड्या भरपूर विकल्या जातात. त्या एका बोल्टचा इथे उपयोग करा: विकणाऱ्याला मागचं मडगार्ड काढायला सांगा. काम दोन मिनिटांचं. तो टाळाटाळ करू लागला तर चहा प्या आणि निघा.

द गॉल यांचा जीव डीएसने वाचवला का?

२२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ पेती-क्लामार इथे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर गोळ्यांचा वर्षाव झाला. टायर फुटले, तरी गाडी थांबली नाही आणि सगळे वाचले. श्रेय सस्पेन्शनला देण्याची पद्धत आहे. पुढच्या चाकांच्या ओढीला आणि डोकं शांत ठेवणाऱ्या चालकालाही ते द्यायला हवं. ट्रॅक्शनचा इतिहास याहून गढूळ आहे: महायुद्धात ती जर्मन पोलिसांनीही वापरली, दारावर पांढरी अक्षरं रंगवून प्रतिकार चळवळीच्या लोकांनीही, आणि युद्धानंतर पॅरिसमध्ये दरोडे घालणाऱ्या एका टोळीला लोकांनी चक्क ट्रॅक्शनचंच नाव दिलं. पळून जायला आणि पाठलागाला तीच सगळ्यात चांगली होती, दुसरं कारण नाही.

मग दोघींत थोर कोणती?

१९९९ मध्ये शतकातली गाडी निवडताना डीएस तिसरी आली. पुढे फक्त फोर्ड टी आणि मिनी. मी तरीही ट्रॅक्शनला वर ठेवतो. साधारण ७ लाख ६० हजार ट्रॅक्शन बनल्या, आणि तिची मांडणी नंतर साऱ्या जगाने उचलली. डीएस साडेचौदा लाख बनल्या, पण तिची नक्कल कोणाला जमली नाही. रोल्स-रॉईसने मागची उंची सांभाळायला या सस्पेन्शनचा परवाना घेतला, सिट्रोएनने स्वतः तो वारसा २०१७ पर्यंत चालवला, आणि मग तोही बंद झाला. बसायला विचाराल तर मात्र डीएसच्या मागच्या सीटवरून मला उठवू नका.

महाग कोणती पडते?

छत उघडणाऱ्या गाड्या दोन्हींत महाग. शाप्राँ या बॉडी बनवणाऱ्या कारागिराची डीएस कॅब्रिओले सर्वांत वर, कारण कंपनीच्या यादीतल्या अशा गाड्या दीड हजारही बनल्या नाहीत. युद्धपूर्व ट्रॅक्शन रोडस्टर तिच्या मागोमाग. साधी ११ लेजेर किंवा शेवटच्या वर्षांतली डीसुपर परवडण्यातली. वळणाबरोबर फिरणारे दिवे हवे असतील तर १९६७ च्या शरदानंतरची डीएस पाहा.

भारतात आणून ठेवता येईल का?

आता बरंच सोपं झालं आहे. फेब्रुवारी २०२५ पासून पन्नास वर्षांहून जुनी गाडी वेगळ्या परवान्याशिवाय आयात करता येते. शेवटची डीएस एप्रिल १९७५ ची, म्हणजे दोन्ही गाड्या बसतात. आयातशुल्क मात्र जबरदस्त आहे, आधी कस्टम एजंटकडून आकडा लिहून घ्या. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो: नोंदणी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५ हजार. गाडी मूळ रूपात हवी, आणि प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. रोज ऑफिसला नेता येणार नाही.

उजव्या स्टिअरिंगची हवी असेल तर इंग्लंडमधल्या स्लाउच्या कारखान्यातली शोधा. आधी ट्रॅक्शन आणि मग साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत डीएस तिथे जुळवली जात होती. ट्रॅक्शनला तिथे लाकडी डॅशबोर्ड, चामड्याच्या सीट आणि बारा व्होल्टची वायरिंग मिळे, आपल्याकडे बॅटरी मिळवायला तेही सोयीचं. गाडी आली की पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा बसवून घ्या. आपल्या पंपांवरचं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला खातं, म्हणून गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.